एकाच पायाचं माप

१ फेब्रुवारी, रविवार

मापांच्या वहीत आजवर लोकांचे खांदे आणि कंबरा लिहिल्या. आज तीच वही उलटी धरून मागच्या पानापासून घरचं लिहायला घेतो आहे. दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण वह्या उरल्या होत्या. कोरा कागद पडून राहिलेला मला बघवत नाही.

हिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आज वीस दिवस झाले. न्हाणीघरात पाय घसरला आणि डावा खुबा मोडला. घरी आणताना चौघांनी खुर्चीत बसवून वर चढवली. दोन मजले, चौतीस पायऱ्या. त्यानंतर ही खाली उतरलेली नाही.

आज लेक आली होती. आल्या आल्या विषयालाच हात घातला. "बाबा, लिफ्ट नाही, काही नाही. उद्या आईला काही झालं तर खाली कोण नेणार? माझं घर सगळं तळमजल्यावर आहे. दोघंही चला."

मी म्हणालो, "दोन महिने दे. तुझी आई चौतीस पायऱ्या उतरेल आणि परत चढेल. स्वतःच्या पायांनी."

"कुणाचा हात न धरता?"

"कठडा चालेल ना?"

"कठडा चालेल. एकतीस मार्च. पुढे एक दिवस मिळणार नाही." लेक माझ्यासारखीच आहे, शब्द कापडासारखा मोजून फाडते.

मग ही लेकीला म्हणाली, "तुझ्या त्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं ना गं?"

बिचारी. हरणार असं धरून आत्तापासूनच मन घट्ट करते आहे. लेक गेल्यावर मी सांगून टाकलं, "घाबरू नकोस. आपण इथून हलत नाही." माझं पायमशीन इथं, त्यावर येणारा उजेड इथं, खालून जाणारा माणूस तोंड वर करून "काय मास्तर" म्हणतो ती खिडकी इथं. मी दुसरीकडे काय करू?

४ फेब्रुवारी, बुधवार

व्यायाम करून घेणाऱ्या बाई आज पहिल्यांदा आल्या. पंधरा दिवसांतून एकदा येतील. आवाज असा, की मीसुद्धा ताठ बसलो. त्या जिना उतरताहेत तोवरच हिने नाव ठेवलं, हेडबाई.

हेडबाईंनी हिला हात छातीशी दुमडायला लावले आणि खुर्चीतून उठायला सांगितलं. नाही जमलं. उजवा पाय थरथरला, डाव्याने तर दखलच घेतली नाही. एकदासुद्धा उठता आलं नाही. ही हसली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काकू, घरात फिरता ते चांगलंच आहे. चालण्याने दम वाढतो, रक्त फिरतं राहतं. पण मांडी भरायची तर स्नायूवर ओझं पडलं पाहिजे. नुसत्या फेऱ्यांनी जिना चढता येणार नाही."

रोजचा अभ्यास असा: टेबलाला धरून खुर्चीची उठबस, पाय सरळ करून दहा अंक धरून ठेवायचा आणि भिंतीला धरून टाचा उचलायच्या. जाता जाता म्हणाल्या, "आणि दिवसभर एका जागी पडून राहू नका. अधूनमधून पावलं हलवत राहा." सगळं लिहून घेतलं.

८ फेब्रुवारी, रविवार

माझ्या डोक्यात आलं, वाढतंय की नाही हे कळणार कसं? डोळ्यांवर माझा विश्वास नाही. शेचाळीस वर्षांत डोळ्याने कापलेलं कापड दोनदा वाया गेलं, टेपने मोजलेलं एकदाही नाही.

टेप काढला. ही म्हणाली, "आता म्हातारपणी मला पँट शिवताय का?"

"मांडी मोजतो. दर रविवारी."

"लग्नानंतर पहिल्यांदाच मोजताय. चाळिशीत मोजली असती तर टेप पुरला नसता."

दोघंही हसलो. दुकानात हजार मांड्या मोजल्या, हिची मोजताना टेप दोनदा लावावा लागला. पाय म्हणजे नुसतं हाड आणि वर सैल अस्तर.

डावी मांडी, गुडघ्याच्या वर वीतभर: साडेसोळा इंच. डावी पोटरी, सगळ्यात फुगीर जागी: सव्वा अकरा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वाचनालयातून स्नायूंवरचं जाड पुस्तक आणलं. शाळा सातवीत सुटली असली तरी वाचायचं मला कुणी सोडायला लावलेलं नाही. अडला शब्द चौकटीत घालतो आणि पुढे जातो. दहा पानांनी तो आपोआप उलगडतो.

स्नायू म्हणजे दोऱ्यांचा जुडगा. व्यायामाने दोरे फारसे वाढत नाहीत, आहेत तेच जाड होतात. जड ओझं उचललं की स्नायूवर ताण येतो, थोडंफार उसवतंही, आणि शरीर ती जागा आधीपेक्षा भक्कम करून ठेवतं. म्हणजे रफूच! रफू केलेली जागा मूळ कापडापेक्षा जाड लागते, हे मला कुणी शिकवायला नको.

आणखी एक गोष्ट ठळक अक्षरांत आहे. ही वाढ व्यायाम करताना होत नाही, नंतरच्या विश्रांतीत होते. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि खोलीत दोन चकरा मारल्या. आम्ही तर रोज घासत होतो! रफू सुकायच्या आत त्यावर इस्त्री फिरवण्यासारखं झालं. उद्यापासून एक दिवस पूर्ण विश्रांती, एक दिवस व्यायाम.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आज संपल्या. पस्तीस दिवसांच्या होत्या. औषधांच्या डब्यातला एक कप्पा रिकामा झाला, त्यात मी काजाच्या सुया ठेवल्या.

आणि आज हात न लावता एकदा उठली! एकदाच, पण उठली. उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, जणू दुसरंच कुणी उठलं आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हेडबाईंसमोर दोनदा उठली. मी तक्रार केली, "ताकद येते आहे, पण टेप जागचा हलत नाही. मांडी साडेसोळाच."

"काका, पहिले काही आठवडे स्नायू फारसा वाढतच नाही. आहे त्याच स्नायूला मेंदू नीट हाक मारायला शिकतो. त्यानेच ताकद येते. जाडी मागाहून येते, तीही या वयात सावकाश. टेप नका बघू, उठबस मोजा."

त्यांचं बरोबर असेल. पण उठबस ही हिच्या मनावर असते. झोप झाली तर दोन, नाही तर एक. टेप कुणाचं मन बघत नाही. विश्रांतीच्या दिवसांचं त्यांना सांगायचं राहून गेलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

विश्रांतीचा दिवस मी आता कडक केला आहे. पाय जमिनीला लावायचा नाही. दूध, अंडी, पुस्तक, चष्मा, सगळं पलंगावर देतो. घरातल्या फेऱ्यासुद्धा बंद. रफूला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

"राणीच केलीत माझी," ही म्हणाली. "मग मुकुटही शिवा." थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, पडून पडून अंग आंबलं. जरा खिडकीपर्यंत जाऊ?"

"उद्या."

उशीला टेकून पडून राहिली. मग विचारलं, "लेकीकडे तुमचं मशीन मावेल का हो?"

"तो प्रश्नच येत नाही," मी म्हणालो. मला धीर द्यायचा होता. ही पुढे काही बोलली नाही, म्हणजे धीर आला असावा.

२५ फेब्रुवारी, बुधवार

खालच्या मजल्यावर जिम चालवणारा भेटला. दंड असे, की त्याच्या शर्टाच्या बाह्या मी दोनदा उसवून सैल केल्या आहेत. म्हणाला, "मास्तर, वजन कुठंय? नुसत्या पायाने काय होणार? घोट्याला बांधा काहीतरी. आणि बसताना हळू बसवा काकूंना, पाच अंक मोजत. उठण्यापेक्षा बसताना स्नायूचा जास्त कस लागतो."

"दुखेल ना पण?"

"दुखलं तर खूश व्हा! दुखतंय म्हणजे वाढतंय."

पुस्तकातही आहे, नवा व्यायाम सुरू केला की एक-दोन दिवस अंग दुखतं. दुपारी मशीनवर बसलो. जुन्या जाड कापडाच्या दोन लांबट पिशव्या शिवल्या, आत अर्धा अर्धा किलो वाळू, वर दुहेरी शिलाई, बांधायला पट्टा. चार वर्षांनी मशीन पोटभर चाललं. हिने पिशवी हातात घेऊन टाके बघितले. "हात अजून तसाच आहे तुमचा," म्हणाली आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

१ मार्च, रविवार

मांडी पावणेसतरा! दोन सूत वाढली, म्हणजे पाव इंच. तीनदा मोजलं, टेप सैल सोडून आणि ताणून. पावणेसतराच.

उठबस काल सहा. उरले तीस दिवस.

४ मार्च, बुधवार

हेडबाईंचा फोन आला. त्यांच्या घरी आजारपण आहे, आज येणार नाहीत. तेरा तारखेला, शुक्रवारी येतील. माझं काही अडत नाही. आमची गाडी रुळाला लागली आहे.

६ मार्च, शुक्रवार

हिची चिडचिड होते आहे. उठबस चारवर थांबवली. "पोटरीत गोळा येतोय," म्हणाली.

"कुठं?"

तिने गुडघ्याच्या मागे, खाली हात ठेवला. मी विचारलं, "फार दुखतंय का?"

"छे. फार नाही."

हळू बसण्याचा व्यायाम नवा आहे, दुखणारच. जिमवाल्याचं बोलणं आठवलं आणि मनातून बरं वाटलं. तेल कोमट करून पोटरी चांगली रगडली. ही उशीचं टोक दातात धरून बसली होती. मी म्हणालो, "अगं, ओरड की, मी काय परका आहे?" त्यावर हसली.

८ मार्च, रविवार

पोटरी बारा! पाऊण इंच!

मांडी सतराला सूतभर कमी. पण पोटरीने कमाल केली. टाचा उचलण्याचा व्यायाम मी दुप्पट केला होता, त्याचंच हे फळ. पुस्तक, वाळूची पिशवी, विश्रांती, सगळं सगळ्याला लागू पडलं. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "पाऊण इंच? एवढं वाढतं?"

"तुझ्या बापाने वाढवलं."

"आईला दे फोन." ही फोनवर फक्त "हो, बरी आहे, हो" एवढंच म्हणाली.

१० मार्च, मंगळवार

आज खरा जिना. दाराबाहेर सहा पायऱ्या उतरून सहा चढायच्या ठरवल्या. उतरली. चढताना चौथ्या पायरीवर थांबली. कठडा दोन्ही हातांनी धरला, कपाळावर घाम.

"काय झालं?"

"काही नाही. दम लागला."

जिमवाल्याकडे कामाला असलेली बाई खालच्या पायऱ्या धुता धुता बघत होती. ती म्हणाली, "अहो मास्तर, बसवा त्यांना." तिच्या बोलण्याचा मला राग आला. आमचं आम्हाला कळतं. पण हिला पायरीवर बसवलं. श्वास लहान लहान येत होता, जसं घाईत कुणी धावदोरा घालतं. दहा मिनिटांनी वर आलो.

चालणं बंद केलं त्यामुळे दम कमी झाला असणार, हे माझं मलाच कबूल आहे. हेडबाई म्हणाल्या होत्या, चालण्याने दम वाढतो. पण आधी मांडी, मग दम. दोन्ही एकदम कसं जमणार? उरले एकवीस दिवस. आजचा व्यायाम जास्त झाला, म्हणून उद्या आणि परवा दोन्ही दिवस विश्रांती.

१२ मार्च, गुरुवार

रविवारपर्यंत धीर धरवेना. आजच मोजलं. पोटरी तेरा इंच.

कातडी तकतकीत झाली आहे, नव्या रेशमासारखी. हाताला गरम लागते. रक्त खेळतं आहे, मांस भरतं आहे. तेल लावायला घेतलं तर हिने पाय ओढून घेतला.

"राहू द्या आज."

"अगं, पाच मिनिटं."

"राहू द्या म्हणते ना!" एवढ्या मोठ्याने ही माझ्यावर कधी ओरडली नव्हती. मी बाटलीचं बूच लावलं. मग तीच म्हणाली, "लावा. लावा हो. तुमचं समाधान होऊ दे."

लावलं. थोडंसंच. हात चालेना. का, ते सांगता येत नाही. मोजलं ते खरं, वाढलं ते खरं, पण मन खाली बसलं आहे आणि उठत नाही. उद्या हेडबाई येतील. त्यांनी एकदा शाबास म्हटलं की बरं वाटेल.

१४ मार्च, शनिवार. दवाखान्यात, बाकावर

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो आहे, कारण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल सकाळी दहाला हेडबाई आल्या. मी वही घेऊन तयार होतो. मी आकडे सांगायच्या आत त्यांनी हिच्या अंगावरची चादर बाजूला केली आणि तिथल्या तिथे थबकल्या. पायाला हात लावला नाही. नुसता हाताचा पंजा वरून जवळ नेला, शेगडीची धग बघतात तसा.

"कधीपासून?"

"रविवारपासून जास्त," मी म्हणालो. "तेरा इंच झाली! रोज तेल लावून..."

"तेल लावू नका. पायाला हात लावू नका, काका. बाजूला व्हा." मग, "उजव्या पायाचं माप?"

"ते घेतलेलं नाही."

"आजवर एकदाही नाही?"

शेचाळीस वर्षं पँटला एकाच पायाचं माप घेत आलो. मांडी एक, गुडघा एक, खाली घोट्याशी मोहरी एक. दुसरा पाय त्याचाच जोडीदार म्हणून आम्ही दुहेरी कापड घालून दोन्ही एकदम कापतो. दुसऱ्या पायाला टेप लावावा हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एका शिंप्याखेरीज ही चूक जगात कुणी केली नसती.

त्यांनी माझ्याच टेपने उजवी पोटरी मोजली. साडेअकरा. डावी तेरा. दीड इंचाचा फरक.

"काकू, श्वास घेताना छातीत टोचतं का?"

हिने माझ्याकडे पाहिलं. "काकू, त्यांच्याकडे नका बघू, माझ्याकडे बघा." तेव्हा ही म्हणाली, "टोचतं. मंगळवारपासून."

मंगळवारी मी हिला जिन्यावर नेलं होतं.

हेडबाईंनी फोनवर दवाखान्याची गाडी बोलावली. फोन ठेवून मला हळूच म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत दीड इंच स्नायू कुणाच्याच पायावर चढत नाही, काका. तो तुमचा जिमवाला असला तरी नाही. ही सूज आहे. शिरेत गुठळी असावी."

गाडीबरोबर दोघं वर आले. जिन्याच्या वळणावर रिकामं स्ट्रेचरच वळेना. आडवं केलं, उभं केलं, कठड्याला अडकलं. मी वरच्या पायरीवर उभा राहून बघत होतो आणि लेकीचे शब्द कानात वाजत होते, खाली कोण नेणार. आतून ही म्हणाली, "मी उतरते हो. मला येतं आता." आणि खरंच पलंगावरून पाय खाली सोडायला लागली.

"एक पाऊल टाकायचं नाही!" हेडबाई अशा ओरडल्या, की जिना घुमला. "हलवलंत तर गुठळी वर सरकेल."

शेवटी खुर्ची आणली. गाडीवाले दोघं, जिमवाला आणि त्याच्याकडचा एक पैलवान. चौघांनी उचलली. मी मागून ऑक्सिजनची नळी धरून उतरत होतो. जिमवाला वळणावर "हळू, डावीकडे, हळू" म्हणत होता. हिचे ओठ निळसर दिसत होते. मी एकटक तिच्या छातीकडे बघत होतो. वर येते आहे, खाली जाते आहे, वर येते आहे.

तपासण्या झाल्या. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी आहे आणि तिचा एक बारीक तुकडा फुप्फुसात गेला आहे. सुई सुरू केली आहे. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस गेले की सांगता येईल.

१५ मार्च, रविवार

काल लेक आली तेव्हा सगळं सांगितलं. विश्रांती, तेल, टेप, काही लपवलं नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "बाबा, पाऊण इंच म्हणालात तेव्हाच मी निघायला हवं होतं." मग माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघं समोरच्या बंद दाराकडे बघत राहिलो.

आज सकाळी डॉक्टरांना गाठून विचारलं, "माझ्या व्यायामाने झालं का?"

"व्यायामाने नाही. अशा ऑपरेशननंतर गुठळी होऊ शकते, गोळ्या संपल्यावरही. पण दिवसच्या दिवस पडून राहिल्याने धोका वाढतो. आणि अशा पायाला रगडणं फार धोक्याचं." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "विश्रांती स्नायूला द्यायची असते, आजोबा. माणसाला नाही. दुसऱ्या दिवशी वजन उचलायचं नाही, एवढाच तिचा अर्थ."

पुस्तकात हे असणारच. मी ठळक अक्षरं वाचली आणि खालच्या ओळी सोडल्या.

१६ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, धोका टळतो आहे. बाकावरच डोळा लागला.

दुपारी हिला बोलायची परवानगी मिळाली. मी म्हणालो, "दुखत होतं तर सांगायचं नाही का गं? उशी चावत बसलीस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही एकतीस मार्च हरला असता."

"मी? अगं, तुला घर सोडायचं नव्हतं म्हणून तर मी हा सगळा..."

"मला?" हिने नाकातली नळी सरळ केली. "मी कधी म्हणाले असं?"

मी आठवायला लागलो. आठवत गेलो, आणि हातातली वही चाळली. पहिल्याच पानावर सकाळच्या उन्हाचं विचारलं होतं. मग मशीन मावेल का, असं विचारलं होतं. सगळं मीच माझ्या हाताने लिहिलेलं. लिहिलं आणि पान उलटलं.

"मला लेकीकडे चाललं असतं," ही म्हणाली. "पण तुम्ही त्या खिडकीशिवाय आठ दिवसांत सुकला असता. पिशव्या शिवायला बसलात ना, तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, उठू या. काय व्हायचं ते होऊ दे."

मी तिचा पाय बघत बसलो. सूज उतरायला लागली आहे. पाय परत बारीक दिसायला लागला आहे, आणि मला तो एवढा सुंदर कधीच दिसला नव्हता.

२० मार्च, शुक्रवार

काल घरी सोडलं, लेकीच्या घरी. मागच्या खोलीत खरंच सकाळचं ऊन येतं, पलंगाच्या पायथ्यापर्यंत. गोळ्या निदान तीन महिने, एकही चुकवायची नाही. हेडबाई इथंही येणार आहेत. दर तासाला पाचेक मिनिटं चालायचं, हे त्यांनी भिंतीवर कागद लावून लिहिलं आहे. व्यायाम हळूहळू, त्या सांगतील तेव्हा आणि तेवढाच. मला जवळ बसायची परवानगी आहे. मोजायची नाही.

२८ मार्च, शनिवार

आज ओझ्याशिवाय उठबस सुरू झाली. तिसऱ्यांदा बसताना ही म्हणाली, "इथं ओढतंय. मांडीत, पुढच्या बाजूला."

मी खुर्चीवरून उठलोच. हेडबाईंनी दोन्ही पाय बघितले, दोन्ही दाबून बघितले. मग हसल्या. "हे बरं दुखणं आहे, काकू. हे चालेल." हिने माझ्याकडे बघून मान हलवली. कुठलं दुखणं कुठलं, ते आता मीही शिकतो आहे. ते पायावरून दिसत नाही, हिला विचारावं लागतं.

३१ मार्च, मंगळवार

आजची तारीख सगळ्यांना माहीत होती आणि सकाळपासून कुणी तोंडातून काढली नाही. लेक कामावर जाताना दारात घुटमळली, म्हणाली, "बाबा, राहिलेलं सामान कधी आणायचं ते ठरवा," आणि लगेच, "घाई नाही."

ही उन्हात खुर्ची घेऊन बसली होती. मी दुसरी खुर्ची ओढली. काय बोलायचं ते आंघोळ करताना दोनदा घोकलं होतं, पण समोर बसल्यावर सगळं विसरलो. सरळच विचारलं.

"तुला कुठं राहायचंय? इथं, की तिकडे? माझं सोड. मशीनचं सोड. तुझं सांग."

मला वाटलं, चटकन 'तुम्ही म्हणाल तिथं' म्हणेल. पंचेचाळीस वर्षं तेच म्हणत आली आहे, आणि तेवढी वर्षं मी तेच ऐकून पुढे चालत आलो.

"असं एकदम कसं सांगू?" ती म्हणाली. "विचार करायला हवा. तिकडे खिडकी आहे, इथं ऊन आहे. जिना मला चढून बघायचाय एकदा, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आणि लेकीचा स्वभावही बघायला हवा, चार दिवस गोड असतो." मग डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं. "आठ दिवस द्या मला."

"दिले."

"आणि मधेमधे विचारू नका."

"नाही विचारत."

आता दुपारचे तीन वाजले आहेत. दोनदा जिभेवर आलं होतं, गिळलं.